‘रेंट’ लिहून दर महिन्याला पाठवलेले २७ हजार

एका जोडप्याबद्दल हे सगळं लिहायची परवानगी त्या दोघांनी दिलीये. नावं घेणार नाही, गावं आणि नोकरीचे तपशील थोडे फिरवलेत, बाकी जे झालं ते तसंच आहे. मी पुण्यात जोडप्यांचं समुपदेशन करते, पंधराएक वर्षं झाली, आणि अलीकडे लग्न न करता एकत्र राहणारी जोडपी माझ्याकडे बरीच येतात. त्यांची भांडणं बहुतेक वेळा पैशावरून, घरकामावरून, नाहीतर आईवडिलांना कधी सांगायचं यावरून असतात. हे दोघं मात्र मुलावरून आले होते. मूल हवं की नको हा प्रश्न लिव्ह-इनमधे किती वेगळा पडतो ते या एका जोडप्यात मला जेवढं स्वच्छ दिसलं तेवढं आधी कधी दिसलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

ती ३४ वर्षांची, सांगलीकडची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे. तो ३६चा, नाशिकचा, गाड्यांच्या डिझाइनमधे. सहा वर्षं एकत्र राहतायत. सुरुवात कशी झाली विचाराल तर तिचा ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा भाडेकरार संपला, घरमालकाने भाडं वाढवलं, हा म्हणाला दुसरं घर मिळेपर्यंत माझ्याकडे ये, ती दोन बॅगा आणि एक मिक्सर घेऊन आली आणि दुसरं घर काही कोणी शोधलंच नाही. ‘आपण एकत्र राहूया का’ असं कोणी कोणाला विचारलेलं नाही. मी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं की कधीपासून एकत्र आहात, तर तारीख कोणालाच सांगता येईना. ती म्हणाली पावसाळा होता, तो म्हणाला गणपतीच्या आधी.

हे मी मुद्दाम विचारते. स्कॉट स्टॅन्ली आणि गॅलेना ऱ्होड्स या अमेरिकेतल्या संशोधकांनी एक फरक मांडलाय जो माझ्या कामात रोज उपयोगी पडतो. काही जोडपी ठरवून एकत्र येतात आणि काही घरंगळत येतात. घरंगळत आलेल्यांचं प्रेम खोटं असतं असं अजिबात नाही, पण त्यांनी ‘आपण एकमेकांचे कोण’ हे मोठ्याने बोललेलं नसतं, आणि दिवस बरे जातात तोवर त्यावाचून काही अडत नाही. पुढे घर घ्यायचं म्हटलं, आजारपण आलं, मुलाचा विषय निघाला की मग अडतं.

यांचं घराच्या वेळी एकदा अडलं होतं, पण लक्षात आलं नाही. तीन वर्षांपूर्वी त्याने बाणेरच्या पुढे टू बीएचके घेतला. दोघांच्या नावावर घ्यायचं मनात होतं असं दोघंही सांगतात, पण बँकेतल्या माणसाने सहकर्जदार म्हणून बायको नाहीतर रक्ताचं नातं लागेल असं सांगितलं, आणि हे दोघं घरी येऊन त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. फ्लॅट त्याच्या नावावर, कर्ज त्याच्या नावावर, हप्ता ५४ हजार. पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला तिने आपणहून २७ हजार त्याला यूपीआयने पाठवले. नोटच्या रकान्यात लिहिलं ‘रेंट’. दर महिन्याच्या ५ तारखेला, छत्तीस महिने, ‘रेंट’. हिशोब केला तर ९ लाख ७२ हजार होतात.

हे ‘रेंट’ माझ्यासमोर आलं तिसऱ्या सेशनला. पहिल्या दोन सेशनमधे विषय एकच, मूल.

झालं असं की तिने पाच वर्षांपूर्वी तांबी (कॉपर-टी) बसवली होती, तिची मुदत संपली म्हणून नोव्हेंबरमधे काढायला गेली. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तांबी काढली आणि सहज विचारलं, परत बसवायची की आता मुलाचा विचार आहे? ती मला म्हणाली, "मॅडम, सहा वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणीतरी विचारला, आणि मला एकदम रडूच आलं." लग्न झालेल्या बाईला हा प्रश्न वर्षाच्या आत सासूपासून शेजारच्या काकूंपर्यंत शंभर जणं विचारतात, तिचा जीव नकोसा होतो इतका विचारतात. लिव्ह-इनमधल्या बाईला कोणीच विचारत नाही. आपल्याकडचे सर्व्हेसुद्धा मूल हवं-नकोचे आकडे देतात ते मुख्यतः विवाहित बायकांचे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ आला, त्यावर भरपूर लिहून आलं, पण हिच्यासारखीच्या मनात काय आहे ते त्या १.७च्या आसपास कुठेच सापडत नाही.

डॉक्टरांनी एएमएचची टेस्ट सांगितली. रिपोर्ट आला ०.९. आता हे एएमएच म्हणजे अंडाशयात साधारण किती बीजं शिल्लक आहेत त्याचा अंदाज, बीजं चांगली आहेत की नाही ते त्यावरून कळत नाही, आणि आकडा कमी आला म्हणजे नैसर्गिकरीत्या दिवस जाणारच नाहीत असाही अर्थ होत नाही. पण वय ३४ आणि आकडा ०.९ असं दोन्ही एकत्र बघून डॉक्टर म्हणाल्या की मूल हवं असेल तर फार लांबवू नका. तिने रिपोर्ट घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. त्याने उचलला, वाचला, परत ठेवला आणि म्हणाला, "बघू ना."

त्यानंतर ती तीन दिवस बोलली नाही आणि मग दोन महिने दोघांचं नुसतं कामापुरतं बोलणं. दूध आणलंस का, गॅसचा नंबर लावलास का.

"तो सरळ नाही म्हणाला असता ना, तर मी रडले असते आणि समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "बघू म्हणजे काय? सहा वर्षं मी बघूच ऐकतेय. आईला कधी सांगणार, बघू. लग्न नको तर नको पण निदान घरच्यांना भेटव, बघू." तो शेजारी खाली मान घालून बसला होता, तो म्हणाला, "मी नाही म्हटलंच नाहीये." आणि खरंच म्हटलं नव्हतं. भिजत घोंगडं ठेवणारी माणसं मी खूप बघितलीत, त्यातली थोडी खरोखर टाळत असतात आणि बरीचशी घाबरलेली असतात. बाहेरून बघताना दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून मी त्या दिवशी त्याच्याबद्दल काही मत बनवलं नाही.

दुसऱ्या सेशनला मी दोघांना एकेक कागद दिला. युरोपात पिढ्या आणि स्त्री-पुरुष संबंध यावर अनेक देशांमधे मिळून एक मोठी पाहणी चालते, त्यात एक साधा प्रश्न असतो, येत्या तीन वर्षांत मूल व्हावं असा तुमचा बेत आहे का, आणि उत्तरं चार: नक्की हो, बहुतेक हो, बहुतेक नाही, नक्की नाही. तीन वर्षं म्हटल्यामुळे ‘कधीतरी’ला जागा राहत नाही, म्हणून मला हा प्रश्न आवडतो. मी त्याला माझी भर घातली, समोरच्याने काय लिहिलं असेल तेही लिहा. आणि दुसरा प्रश्न, पुढची पाच वर्षं तुम्ही दोघं एकत्र असाल का, स्वतःचं उत्तर आणि समोरच्याचं तुम्हाला काय वाटतं ते.

मुलाच्या प्रश्नाला तिने लिहिलं ‘नक्की हो’. त्याचं उत्तर काय असेल यापुढे लिहिलं ‘बहुतेक नाही’. त्याने स्वतःचं लिहिलं होतं ‘बहुतेक हो’. तिचा कागद मी त्याच्यासमोर ठेवला आणि त्याचा तिच्यासमोर, ती त्या ‘बहुतेक हो’कडे कितीतरी वेळ बघत राहिली, मग म्हणाली हे तू मला का नाही सांगितलंस.

पण मला त्या कागदावरचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला. एकत्र असाल का, याला दोघांनी स्वतःपुरतं ‘हो’ लिहिलं होतं. समोरच्याबद्दल तिने लिहिलं ‘माहीत नाही’. त्याने एकच शब्द लिहिला होता, ‘कॅनडा’.

दोन वर्षांपूर्वी तिने कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवानगीसाठी, एक्स्प्रेस एंट्रीचं प्रोफाइल बनवलं होतं. ऑफिसमधल्या सगळ्यांनी बनवलं म्हणून बनवलं, स्कोअर पुरेसा आला नाही, ते प्रोफाइल बारा महिन्यांनी आपोआप संपतं, तसं संपलं. तिच्या डोक्यातून विषय गेलासुद्धा. पण ती फॉर्म भरत असताना तो चहा घेऊन मागे उभा होता आणि त्याने बघितलं की वैवाहिक स्थितीच्या रकान्यात तिने ‘सिंगल’ निवडलंय. कॅनडाचा नियम असा आहे की सलग बारा महिने जोडपं म्हणून एकत्र राहिलात की तिथला कायदा तुम्हाला कॉमन-लॉ पार्टनर धरतो आणि फॉर्ममधे तसं लिहायचं असतं. त्याला हे माहीत होतं. म्हणजे परका देश याला तिचा जोडीदार मानायला तयार होता आणि तिने सिंगल लिहिलं. तो चहा टेबलावर ठेवून बाल्कनीत गेला. दोन वर्षं तो हे एकदाही बोलला नाही.

तिला विचारलं तर ती अवाक झाली. "अरे, त्याला पुरावे लागतात! दोघांच्या नावाचा भाडेकरार, जॉइंट खातं, काहीतरी. आपल्याकडे दोघांचं नाव असलेला एक कागद तरी आहे का? गॅसचं कार्डसुद्धा तुझ्या नावावर आहे. मी काय जोडणार होते?"

आणि मग त्यातूनच ‘रेंट’ निघालं. तो म्हणाला, तू तरी दर महिन्याला मला काय लिहून पाठवतेस? घरभाडं. तू भाडेकरू आहेस का माझी? ती म्हणाली, पहिल्या महिन्यात मला काय लिहावं कळेना म्हणून रेंट लिहिलं, तू म्हणाला असतास की असं नको लिहूस तर नसतं लिहिलं, तू तीन वर्षांत एकदाही म्हणाला नाहीस, मग मला वाटलं तुलाही तेच बरोबर वाटतंय. तिने फोन काढून माझ्यासमोर धरला आणि वर सरकवत गेली, रेंट, रेंट, रेंट, मधे दिवाळीत एकदा फटाक्याचं चित्र आणि पुढे रेंट.

मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं तर हे. दोघांनाही मूल हवं होतं. दोघंही सोडून जाणार नव्हते. पण समोरचा सोडून जाऊ शकतो असं दोघांनाही मनोमन वाटत होतं, आणि जो माणूस जाऊ शकतो त्याच्याबरोबर मूल कोणी कसं ठरवेल. मुलाचं भांडण वरवरचं होतं असं मी म्हणणार नाही, ते खरंच होतं, एएमएच खरं होतं, वय खरं होतं. पण ते सुटत नव्हतं कारण त्याच्या आधीचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. युरोपातल्या अभ्यासांतही लग्न न करता राहणाऱ्यांमधे ज्यांचा पुढे लग्नाचा बेत असतो त्यांचा मुलाचा बेतही जास्त पक्का दिसतो. अक्षतांमधे काही जादू असते असं मी त्यातून समजत नाही, माझ्या मते लग्नाचा बेत करताना ‘आपण राहणार आहोत ना’ हे त्या दोघांनी कधीतरी बोलून घेतलेलं असतं.

इथे मला तिच्या मावशीबद्दल लिहिलंच पाहिजे. तिच्या घरी फक्त या मावशीला सगळं माहीत होतं. मावशीने सांगितलं, तांबी काढलीयेस ना, मग आता परत बसवू नकोस आणि त्याला सांगूही नकोस, एकदा पदरात पोर पडलं की पुरुषाचा पाय घरात राहतो. ती एकटी आली होती त्या सेशनला तेव्हा हे बोलली, आणि हेही बोलली की दोन आठवडे तिने त्याला तांबी काढल्याचं सांगितलं नव्हतं. मग तिचं तिलाच सहन होईना आणि सांगितलं. मावशी वाईट नाही, मावशीच्या पिढीने पाय घरात राहिलेले बघितलेत. पण मी तिला स्पष्ट बोलले आणि इथेही स्पष्ट लिहिते, माणसाला बांधून ठेवायला मूल आणू नये. माझ्याकडे अशी मुलं मोठी होऊन येतात, वीस-बावीस वर्षांची, आणि त्यांना आपण कशासाठी आणले गेलो ते नीट कळलेलं असतं.

त्याचं म्हणणं काय होतं तेही सांगते. तो कंपनीच्या कामाने दोन वर्षं स्वीडनला गोथेनबर्गला होता. तिथे त्याच्या टीममधे पाच-सहा जणं लग्न न करता राहणारी, मुलंबाळं असलेली. स्वीडनमधे निम्म्याहून जास्त मुलं लग्नाबाहेर जन्मतात आणि कोणी भुवई उंचावत नाही, अशा एकत्र राहणाऱ्याला तिकडे ‘साम्बो’ म्हणतात. तो म्हणायचा आपणही तसेच राहू, कागद कशाला हवा. मी त्याला म्हटलं की तिकडे कागद खूप आहेत, फक्त लग्नाचा नाहीये. २००३चा साम्बो कायदा आहे, दोघांच्या वापरासाठी घेतलेलं घर आणि सामान वेगळं होताना कसं वाटायचं ते त्यात लिहिलंय. लग्न झालेलं नसेल तर बाप सही करून पितृत्व मान्य करतो. आईबापांना मिळून ४८० दिवसांची पालक-रजा मिळते. तिथला साम्बो मोकळा दिसतो कारण त्याच्यामागे सरकारने सगळी तजवीज करून ठेवलीये, आणि आपल्याकडे लिव्ह-इन म्हणजे दोघांनी स्वतः तजवीज करायची, नाही केली तर काहीच नाही.

दुसरं टोकही मी बघितलंय. शिकत असताना काही महिने जव्हार-मोखाड्याकडे होते, तिथे वारली पाड्यांवर लग्न न झालेली आणि दोन-दोन पोरं असलेली जोडपी होती, कारण लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याला जेवण आणि तेवढा पैसा नाही, मग आधी संसार आणि लग्न जमेल तेव्हा, कधी सामूहिक विवाहात. आईच्या लग्नात तिची लेक धवलेरीच्या, म्हणजे गाणी म्हणत लग्न लावणाऱ्या बाईच्या, मागे बसून गाणी ऐकतेय हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथे हे दोघं एकमेकांचे आहेत का असा प्रश्नच नव्हता, पाड्याला माहीत होतं, तेवढं पुरे होतं. बाणेरच्या सोसायटीत मात्र वॉचमनला ती ‘मॅडम’, शेजाऱ्यांना ‘बहुतेक मिसेस’ आणि नाशिकला फ्लॅटमेट. तिला सरकारने कागद दिला नाही आणि पाड्यासारखी साक्षही मिळाली नाही.

चौथ्या सेशनला मी एका वकील मैत्रिणीला बोलावलं, कारण मुलाबद्दलच्या निम्म्या शंका कायद्याच्या होत्या आणि दोघांनी इंटरनेटवर वाचून नुसता गोंधळ करून घेतला होता. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी मोघम लिहिते. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मधे खुशबू प्रकरणात स्वच्छ सांगितलंय. लग्नासारख्या नात्यातल्या बाईला २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण आहे. मुलाचा पोटगीचा हक्क आईवडिलांचं लग्न झालंय का यावर अवलंबून नाही. नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते तिलाही लग्नाची अट नाही. आपल्या राज्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचंय, अविवाहित आईच्या बाळाचा दाखला निघतो. हे सगळं ऐकून तिचे खांदे खाली आले, इतका वेळ ती ताठ बसली होती ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्याला मात्र दोन गोष्टी टोचल्या. १९५६च्या हिंदू पालकत्व कायद्यात लग्नाबाहेरच्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई असते आणि तिच्यानंतर बाप. त्याचा चेहरा पडला. "म्हणजे उद्या ही बाळाला घेऊन कॅनडाला गेली तर मी दुसरा?" हे त्याचं ‘बहुतेक’ होतं. ‘नक्की’ आणि ‘बहुतेक’ यांच्यातलं अंतर म्हणजे ही भीती, आणि ती त्याने पहिल्यांदा तिच्या तोंडावर बोलून दाखवली. ती उठून त्याच्याजवळ जाऊन बसली, बोलली काहीच नाही.

दुसरी गोष्ट वारशाची. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे लग्नाबाहेरच्या मुलाचं नातं आईशी धरतात, बापाच्या बाबतीत खूप वर्षं एकत्र राहिल्याने लग्न झालं असं गृहीत धरावं म्हणून कोर्टात झगडावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मधे केरळच्या एका प्रकरणात तसं गृहीत धरून मुलाला हिस्सा दिला, पण त्यासाठी त्या कुटुंबाची किती वर्षं कोर्टात गेली. वकील मैत्रीण म्हणाली, मृत्युपत्र कर, दोन साक्षीदार लागतात, एका दिवसाचं काम आहे. फ्लॅटवर तिचं नाव लावायचं तर बक्षीसपत्र, त्याला महाराष्ट्रात नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांच्यासाठी २०० रुपये मुद्रांक शुल्क आहे, हिला पूर्ण शुल्क लागेल, काही लाख रुपये. तो म्हणाला, म्हणजे लग्न केलं की २०० रुपये? खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

आणि एक अडचण सगळ्यात अवघड. २०२१च्या कायद्याप्रमाणे आयव्हीएफसारखे उपचार जोडपं म्हणून घ्यायचे तर ते जोडपं विवाहित लागतं. २१ वर्षांवरची एकटी बाई दात्याचे शुक्राणू घेऊन जाऊ शकते, पण सहा वर्षं एकत्र राहणारी अविवाहित जोडी जोडी म्हणून जाऊ शकत नाही. दत्तकासाठीही जोडप्याला दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य दाखवावं लागतं. ०.९ एएमएच असलेल्या बाईसाठी हा नुसता तात्त्विक मुद्दा नव्हता. मला हे वैयक्तिकरीत्या अन्यायाचं वाटतं, एकट्या बाईवर विश्वास आणि तीच बाई आपल्या माणसाबरोबर आली की दार बंद, याचं कारण मला पटलेलं नाही.

मार्चमधे दोघांनी ठरवलं. तांबी परत बसवायची नाही. सहा महिने वाट बघायची, तोवर ती ३५ची होतेय आणि त्या वयात सहा महिन्यांनंतर तपासण्या करायला डॉक्टर सांगतातच. उपचारांची वेळ आली तर विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची ३० दिवसांची नोटीस द्यायची का, यावर मात्र एकमत नाही. गंमत नव्हे पण आता तो लग्नाला तयार आहे आणि ती अडून बसलीये, म्हणते मला दवाखान्याच्या फॉर्मसाठी लग्न नकोय, तुला मी हवी आहे म्हणून विचार. त्याने विचारलंय म्हणे. तिने उत्तर दिलेलं नाही. मी त्यात पडले नाही.

मृत्युपत्र केलंय. जॉइंट खातं उघडलंय, हप्ता आता तिथून जायचाय पण बँकेकडून बदलायला दोन महिने लागले, त्या दोन महिन्यांत ५ तारखेला ती त्याच्या शेजारी सोफ्यावर बसून विचारायची, काय लिहू? पहिल्या महिन्यात दोघांना काही सुचलं नाही, नोट रिकामी गेली. दुसऱ्या महिन्यात तो म्हणाला ‘हप्ता’ लिही, हप्ताच आहे तो. तिने हप्ता लिहिलं.

मे महिन्यात त्याने आईला फोन केला. तासभर तयारी करून केला, मला आधी मेसेज पण टाकला की आता करतोय. आई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "सहा वर्षं कळतंय रे मला. व्हिडिओ कॉलवर तुझ्या मागे तुळस हिरवीगार दिसते, तू कधी झाडाला पाणी घातलंयस का?" मग रडल्या, मग चिडल्या, मग आठ दिवस फोन घेतला नाही. आणि नवव्या दिवशी पहाटेच्या गाडीने थेट दारात, हातात चिवड्याचा डबा. तिने दार उघडलं, काय म्हणावं कळेना, वाकून नमस्कार केला आणि ‘काकू’ म्हणाली. काकू तीन दिवस राहिल्या. त्यांचं म्हणणं सरळ आहे, आधी चार अक्षता पडू देत आणि मग बाळ, नाशिकला मी तोंड कसं दाखवू. तिने त्यांना तांबीचं, रिपोर्टचं, सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात दोघी दोन तास बोलत होत्या आणि हा बाहेर टीव्हीचा आवाज बंद करून बसला होता. काकूंचं मत बदललेलं नाही. पण जाताना त्यांनी तिच्या डॉक्टरांचं नाव विचारून घेतलं आणि पुढच्या तारखेला मी येऊ का म्हणाल्या.

आता चौथा महिना चालू आहे, दिवस गेलेले नाहीत. गेल्या महिन्यात चार दिवस वर गेले होते, ती कोणाला काही बोलली नव्हती पण तो कॅलेंडरकडे बघायचा ते तिला दिसत होतं, पाचव्या दिवशी पाळी आली तेव्हा दोघं कामावर गेलेच नाहीत. हे तिने मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तिच्या बोलण्यात ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ आलं, आम्हाला वाईट वाटलं. पुढच्या शनिवारी सेशन आहे. काकूही नाशिकहून येणारेत, आत येऊन बसू का असं विचारत होत्या, मी या म्हटलंय.